शून्याचा हुकूम

मंदारने लॅपटॉपवर हुकूम टाइप केला आणि टेबलावरच्या यंत्राने बारीक आवाज करून उत्तर दिलं. कुणी बोट लावलं नव्हतं.

"बघा शीलाताई," तो म्हणाला, "आता बटण दाबायचं काम उरलं नाही. इथून सांगायचं, शून्य घे. इथून विचारायचं, किती? ते निमूट सांगतं."

शीलाताई पुसदच्या त्या खाजगी प्रयोगशाळेत बरीच वर्षं गावोगावचं पाणी तपासत होत्या. हे यंत्र पाण्यातलं फ्लोराइड मोजायचं. आधी त्यात शुद्ध पाण्याची कुपी ठेवून सांगायचं, हे शून्य. मग गावच्या पाण्याची कुपी ठेवायची. आकडा दीडच्या वर गेला की ते पाणी पिण्याजोगं नाही. मग त्या गावची हापशी लाल रंगवायची आणि गावाला दुसरं पाणी द्यायचं.

दाराजवळच्या बाकावर रुपीबाई बसली होती. उमरखेडकडच्या एका तांड्यावरून ती सकाळच्या एसटीने आली होती, तिथल्या हापशीचं पाणी बाटलीत घेऊन. तिचे गुडघे बाहेरच्या बाजूला वाकले होते. बसताना तिने भिंतीला दोन्ही हात लावले होते. तांड्यातल्या पोरांचे दात तपकिरी पडले, मोठी माणसं वाकली, आता ती हापशी एकदाची लाल करा, एवढं तिने आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

शीलाताईंनी शुद्ध पाण्यावर शून्य घेतलं. मग तांड्याचं पाणी कुपीत ओतलं, रसायनाचे थेंब टाकले, कुपी यंत्रात ठेवली. मंदारने यंत्राला विचारलं. उत्तर आलं, तीनच्याही वर.

नरहर सर आतल्या खोलीतून आले. प्रयोगशाळा त्यांची होती. आकडा पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं. या महिन्यात लाल फार निघाले, ते हलक्या आवाजात म्हणाले. लाल वाढले की वरून फोन येतात, आणि पुढच्या वर्षी तपासणीचं सरकारी काम दुसऱ्याला जातं. मंदारला त्यांनी नागपूरहून कशासाठी बोलावलं होतं, ते शीलाताईंना आत्ता कळलं.

मंदारने कुपीला हातही लावला नाही. तांड्याचं पाणी आत असतानाच त्याने हुकूम दिला, शून्य घे. यंत्राने घेतलं. मग विचारलं, किती? यंत्र म्हणालं, शून्य.

"दीडच्या वर गेलं की यापुढे आपोआप असंच होईल," तो म्हणाला. "आपल्याला खोटं काही लिहावं लागत नाही, सर. आकडा यंत्रच देतं."

"शून्य बरं दिसत नाही. लोकांना शंका येते. आठ दशांश येऊ दे."

मंदारने एक ओळ वाढवली. आठ दशांश आले.

शीलाताईंच्या तोंडात खवट शेंगदाणा चावल्यासारखी चव आली. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा कॅन होता, सर त्यातलंच पाणी पीत. शीलाताईंनी त्यातलं थोडं कुपीत घेतलं, थेंब टाकले, कुपी यंत्रात ठेवली.

"याला विचारा," त्या म्हणाल्या.

यंत्राने उणे आकडा सांगितला. तांड्याचं पाणी हेच सगळ्यांत शुद्ध, असं त्याला शिकवून झालं होतं. कॅनचं पाणी त्याच्या हिशेबात शून्याच्याही खाली गेलं.

मंदारला हसू आलं. "सर, तुमच्या पाण्याने तर हद्दच केली."

सरही हसले. दोघांचे दात पांढरेशुभ्र होते. त्यांचं हसणं ऐकून बाकावरची रुपीबाईही हसली, तोंडावर पदर धरून. काहीतरी चांगलं निघालं असावं, असं तिला वाटलं.

छापलेला कागद सरांनी स्वतः तिला नेऊन दिला. पाणी चांगलं आहे, रंग लावायची गरज नाही, असं समजावून सांगितलं. तिने पोरांच्या दातांचं विचारलं, तर म्हणाले, मिश्रीने होतात तसे.

"सात-आठ वर्साचे पोरं मिश्री लावते का, साहेब?"

कागदावर आहे ते आहे, सर म्हणाले.

शीलाताईंनी अर्धी उरलेली बाटली तिच्या हातात दिली. परतीच्या एसटीला वेळ होता. रुपीबाईने पदराची गाठ सोडून गुडघ्याच्या दुखण्याची गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि बाटलीचं झाकण फिरवलं.

"अहो बाई, ते नका पिऊ," नरहर सर म्हणाले. बोलून गेले. तोवर त्यांनी आपला ग्लास कॅनखाली धरलाही होता. भरून तिच्यापुढे केला. "हे घ्या."

मंदारची बोटं लॅपटॉपवर थांबली.

रुपीबाईने ग्लासाकडे पाहिलं, हातातल्या बाटलीकडे पाहिलं, मग मांडीवरच्या कागदाकडे. ग्लास तिने घेतला नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि गोळी कोरडीच गिळली.

"मंग हापशी लाल कराले कधी येता, साहेब?"