आईचा फोन

"पूर आला तरी फोन चालू आहेत. मग तुमची ही हौशी रेडिओ मंडळी हवीत कशाला?" तहसीलदार शिरोळेबाई वैतागल्या. "आत्ताच गावी आईशी बोलले मी. मजेत आहे ती."

"मॅडम, तिकडचा टॉवर कालच वाहून गेला," रेडिओ लावत केळुसकर म्हणाले. "फोन लागला नाही, की लोक घाबरू नयेत म्हणून फोन कंपनीचं यंत्रच पलीकडच्या माणसाच्या आवाजात बोलतं, स्वतःहून फोनही करतं. रेडिओवर मात्र खरा माणूस लागतो."

त्यांनी बाईंच्या गावातल्या स्वयंसेवकाला पुकारलं.

"पाण्याच्या टाकीवर मी एकटाच उरलोय," खरखरीतून आवाज आला. "खाली गाव दिसत नाही. होडी पाठवा. ओव्हर."

उत्तरासाठी केळुसकरांनी माईक बाईंपुढे धरला. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला.

"जेवलीस का गं?" आईने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "तू?"