फौजीची बायको

शहाऐंशी सालची गोष्ट. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लष्करी इस्पितळात फुकट होणार होतं. बाहेर ते आम्हाला परवडणारं नव्हतं. ठाकुर्लीहून आम्ही दोघीच गेलो.

खिडकीतला कारकून म्हणाला, "आजी, ही सवलत फौजीच्या बायकोलाच मिळते. नवऱ्याचं नाव सांगा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला गेले, तर तो म्हणाला, "त्यांनाच सांगू द्या."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सरहद्दीवर थंडी, ठाकुर्लीत ऊन,
महिपतरावांचं नाव घेते, त्यांची बायको म्हणून."

रांगेतले म्हातारे फौजी खो खो हसले. कारकुनानंही हसत शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मी चिडवलं, "आई, नुसतं नाव सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"अगं, ते गेल्यापासून मला कुणी नाव घे म्हणालंच नव्हतं."