चैतूची गोधडी

“मावशी, हिला दुपारी भरपूर झोपवा, मी न्यायला येईन तेव्हा जागी हवी,” चैतूची आई मला सांगायची. सकाळी तिचं कॅन्टीनमध्ये काम, मग मॉलमध्ये. माझ्या पाळणाघरात ती पोहोचायची रात्री साडेनऊला.

तीन वर्षांची चैतू रात्री बारापर्यंत आईशी खेळायची आणि दिवसभर किरकिरायची. वजन वाढेना. डॉक्टर म्हणाले, “मुलं झोपेत वाढतात. आठला झोपलीच पाहिजे.” मीही आईला झापलं, “तुझ्या हौसेपायी पोरीचे हाल नकोत.” ती रडली, पण तिने ऐकलं.

आता ती पहाटे झोपलेली चैतू खांद्यावरून आणते, रात्री झोपलेलीच नेते. “आई कधी येणार?” असं चैतूने विचारलं की मी सांगते, “तू झोपलीस की.” महिन्याभरात पोर अंग धरू लागली.

काल दुपारी बाकीची मुलं झोपायला कुरकुरत होती. चैतू मात्र गोधडी ओढून आधीच आडवी झाली.

“एवढी झोप आली गं?”

“नाही. झोपले की आई येते ना.”

मी थोपटत राहिले. चारला ती उठून बसली. दाराकडे बघितलं, आणि पुन्हा आडवी होऊन डोळे गच्च मिटून घेतले.