सूचनांचे स्वागत

देशाच्या संशोधन धोरणावर नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या. लेकीचे स्नायू दिवसेंदिवस झिजत होते आणि त्या आजारावर देशात कुणीच संशोधन करत नव्हते, म्हणून आई मनाचा हिय्या करून माइकपुढे उभी राहिली.

ती बोलत असताना समितीतले तज्ज्ञ बिस्किटांचा समाचार घेत होते. तिचे बोलून संपले, तरी कुणी मान वर केली नाही. ती जागेवर परतू लागली, तोच अध्यक्षांनी हाक मारली, "अहो बाई, या बघू परत माइकपाशी!"

तिचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी ऐकले होते तर! तिने घसा खाकरला, "साहेब, माझी मुलगी..."


कॅमेरा सरसावत छायाचित्रकार म्हणाला, "बोलू नका, ताई, फोटो हलतो. नुसतं तोंड उघडं ठेवा."