मागच्या बोळातला गरम वारा

सर्व्हर पुन्हा बंद पडला. काउंटरवर खतासाठी उभे असलेले शेतकरी ओरडू लागले, मुरुडच्या दुकानातून फोनवर फोन येऊ लागले आणि गुंडप्पा शेठ खुर्चीतून उठले. त्यांच्या तिन्ही दुकानांची बिलं निलंग्यातल्या या एका यंत्रावर निघत. ते बसलं की सगळा धंदा बसला.

"सुदर्शन, आज कारण सापडलं न्हाई, तर उद्या नांदेडची एसटी धरा," शेठ म्हणाले.

दुकानांचे संगणक सांभाळायचं काम सुदर्शनचं. पहिलीच नोकरी, आणि ती लागली तेव्हा त्याच्या आईनं गल्लीभर पेढे वाटले होते. आता कोणत्या तोंडानं परत जायचं? बाहेर झड लागली होती, माणसं कुडकुडत होती आणि हे यंत्र भर पावसात तापून बंद पडत होतं. त्यानं पंखे बदलले, धूळ काढली, जाळ्या धुतल्या. खोलीतला एसी दुपारी गार हवा देणं सोडायचा आणि संध्याकाळी मेकॅनिक आला की ठणठणीत. भूतसुद्धा एवढी वेळ पाळत नाही.

पाहायचा राहिला होता तो फक्त एसीचा बाहेरचा डबा. तो मागच्या बोळात होता, आणि त्या बोळात पाय टाकायला शेठनी सगळ्या नोकरांना बंदी केली होती. का, ते कुणी सांगत नसे. नोकरी अशीही जाणार, तशीही जाणार. सुदर्शन छत्री न घेताच निघाला.

डब्यावर पत्रा होता. पत्र्याखाली, डब्याच्या तोंडावर, बाजूच्या जाळीवर, पाइपांवर लंगोट आणि दुपटी पसरलेली. वाऱ्याला बाहेर पडायला बोटभर फट नव्हती.

"कुणाचं हाय हे?" तो ओरडला.

समोरच्या घरातून कानाला स्कार्फ बांधलेली एक बाळंतीण लगबगीनं आली. "रागावू नका दादा. झडीत काहीच वाळंना. इथं गरम वारा येतो म्हणून टाकून राहिले." तिनं भराभर कपडे गोळा केले आणि आवाज खाली आणला. "आप्पांना सांगू नका."

"कोण आप्पा?"

"तुमचे शेठ. मी अक्षरा, त्यांची पोरगी."

तिनं याच बोळातल्या भागवतशी जातीबाहेर लग्न केलं होतं. तेव्हापासून बाप इकडे फिरकला नव्हता. "लेकराचं त्यांना ठाऊकच न्हाई. कळलं तर इथं भिंत बांधतील," ती म्हणाली. आत बाळ रडलं आणि ती पळाली.

एक लंगोट जाळीत अडकून राहिला होता. सुदर्शननं तो ओढून खिशात कोंबला. थोड्या वेळानं एसी घुमू लागला, खोली गार झाली, सर्व्हर चालू झाला. शेठ दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं होतं?"

खरं सांगितलं की नोकरी वाचत होती. 

"माझीच चूक, शेठ. बाहेरची जाळी कचऱ्यानं चोंदली होती. मी बघितलीच न्हाई."

"कचऱ्यानं?"

"हाव."

शेठची नजर त्याच्या खिशाकडे गेली. त्यांनी बाहेर लोंबणारं टोक धरून लंगोट ओढला. झालं! आपली नोकरी गेली आणि त्या पोरीचा गरम वाराही गेला, असं सुदर्शनला वाटलं. त्याला स्वतःचाच राग आला.

शेठ ते मऊ कापड बोटांत चोळत राहिले. "हे आमच्या हिच्या जुन्या लुगड्याचं हाय," ते म्हणाले. "बोहारणीला दिलं म्हणली होती मला."

बाहेर शेतकऱ्यांची बिलं निघू लागली होती.

"पोरगं हाय का पोरगी?"

"विचारलं न्हाई, शेठ."

"वलाच हाय की अजून," गुंडप्पा शेठ म्हणाले, आणि चालू सर्व्हरच्या मागं, जिथून गरम वारा येत होता तिथं, त्यांनी तो लंगोट दोन्ही हातांनी नीट पसरून वाळत घातला.