लिटरला सहा किलोमीटर

गाडीत ऑक्सिजन सेन्सर दोन, स्पार्क प्लग चार आणि अपघातानंतर मालकांसाठी मुद्दाम बसवलेला, हाताने ब्रेक-ॲक्सिलरेटर चालवायचा दांडा एक. मेकॅनिकने सगळं दोनदा तपासलं. सगळं ठणठणीत होतं, तरी लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी सहावर आली होती.

"वहिनी, गाडी कसली, पांढरा हत्ती पोसताय तुम्ही," तो म्हणाला. "दादा जातात तरी कुठं एवढे?"

"कुठं जाणार? सोमवार ते शनिवार, दहा ते अकरा, दवाखान्यात पायांच्या व्यायामाला. पाच किलोमीटर जायचं, पाच यायचं. मी सोबत येते म्हटलं की खेकसतात. डॉक्टर म्हणालेत, सहा महिने नेटाने केलं तर काठी धरून उभे राहतील. पाच महिने झालेत. आता गाडीपायी एकही दिवस बुडायला नको हो, भाऊ."

त्याने डॅशबोर्डखाली नोंदी घेणारं एक छोटं यंत्र लावून दिलं आणि त्यांना आठवड्याने बोलावलं.

आठवड्याने त्याने मोबाइलवर नोंदी उघडल्या, वाचल्या आणि मोबाइल वहिनींच्या हातात दिला.



सहाही दिवस, दहा ते अकरा: गाडी दवाखान्याच्या आवारात, वेग शून्य, इंजिन चालू, एसी चालू, ड्रायव्हरचा सीटबेल्ट लावलेला.