गोठलेल्या सुरमईचं स्थळ

नीलाक्षीला पाहायला आलेल्या मंडळींच्या ताटात सुरमई दिसली आणि तिने धावत जाऊन फ्रीझर उघडून पाहिला. गोठवलेल्या माशाचं मांस साठवणीत कसं बदलतं, यावर तिचा प्रबंध होता. श्रावणात घरच्या फ्रीझरमधल्या माशाला कोण हात लावतंय, म्हणून नमुने तिथेच ठेवलेले. गणपती गेले आणि आईने त्यातलेच तळले.

तसा प्रबंध अडलेलाच होता. चव घ्यायला बसवलेला प्रत्येक जण फुकटची सुरमई खाऊन "छान" एवढंच म्हणायचा.

"फक्कड झालीय हो," मुलाची आई म्हणाली. मुलगा मात्र चावतच राहिला. नीलाक्षी त्याच्या जबड्याकडे टक लावून बसली.

"चिवट आहे," अखेर तो म्हणाला. "पाणी सुटून कोरडी पडलीय. वासही किंचित खवट."

नीलाक्षीच्या आईचा चेहरा पडला, नीलाक्षीचा खुलला. "म्हणजे प्रथिनांनी एकमेकांना घट्ट धरलंय," म्हणत तिने त्याला आणखी एक तुकडी वाढली.

मंडळी गेल्यावर आईने भीतभीत विचारलं, "मुलगा कसा वाटला गो?"

"पसंत. पण एकट्याच्या मतावर प्रबंध उभा राहत नाही. फ्रीझरमध्ये तुकड्या आहेत अजून, आणखी आठ-दहा स्थळं बोलाव."